सोबत : घरची एक

वन्सं, काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मी मागच्या खिचडीच्या खोलीत चहाचे कप विसळत होते. खिडकी उघडी होती, माईकवरचं सगळं ऐकू येत होतं. तुमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळातले ते उंच सर सोलापूरहून आले होते. ते म्हणाले, "काय नजर होती बाईंची! आम्ही दुर्बिणी लावून शोधत बसायचो आणि बाई नुसत्या बोट दाखवायच्या. त्या बोटाच्या टोकाला पक्षी असायचाच." कुणीतरी हुंदका दिला. मी हातातला कप इतका घासला की त्याच्यावरचं फूल निघायला आलं.

तुमची नजर! गल्लीच्या तोंडाला उभी असलेली म्हैस आपली का शेजाऱ्याची, हे तुम्ही मला विचारायचात. सुईत दोरा मी ओवून द्यायची. एसटीची पाटी मी वाचायची, ती पण अक्षरं जुळवत जुळवत, आणि तोवर गाडी निघते का काय म्हणून तुम्ही माझ्यावर डाफरायचात. आणि काल अख्ख्या गावानं तुमच्या नजरेला हात जोडले.

तुम्हाला माती देऊन अकरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी कुठं बोलतेय? बोलायला मला जन्मात जमलं नाही. चार माणसं बसलेली दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहितेय. कुणाला दाखवायचं नाही. तुम्हाला मात्र ऐकावं लागेल, कारण आता तुम्हाला मधेच "बरं बरं, पुरे" म्हणता येणार नाही.

माझी शाळा चौथीला सुटली. पाचवी पुढच्या गावात होती आणि त्याच वर्षी आईनं, आमच्या अव्वानं, मला ज्वारीच्या राखणीला उभं केलं. लग्न होईपर्यंत, कणसात दूध भरलं की काढणीपर्यंत मी माळ्यावर. चार मेढी, वर फळ्या, हातात गोफण. भोरड्यांचा थवा एकदा वावरात उतरला की मागं नुसती ताटं राहतात, म्हणून तो लांब आभाळात असतानाच ओळखावा लागतो. चिमण्या कशा येतात, पोपट कसे येतात, भोरड्या कशा सगळ्या मिळून एकदम वळतात, हे मला कुणी शिकवलं नाही. चुकलं की अव्वाचा मार बसायचा, तेवढंच शिकवणं. ओळख पटली की पोटातून आरोळी द्यायची, "होऽऽ हाऽऽ हाऽऽ!" माणसांपुढं न निघणारा माझा आवाज पाखरांपुढं दोन वावरं पलीकडं जायचा.

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा तुम्ही आधीच माहेरी परतला होता. तुमचे यजमान वारलेले, तुम्ही गावच्या शाळेत बाई. सगळं घर तुमच्या धाकात. तुमचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, तुम्ही खोलीत आलात की खाटेवरून उठायचा. पहिल्या थंडीत एका रविवारी दिवस उगवायच्या आधी तुम्ही चुलीपाशी आलात, गळ्यात दुर्बीण, पायात कॅनव्हासचे बूट, आणि म्हणालात, "चल."

सासूबाईंनी आतून विचारलं, "कुठं निघाल्या दोघी?"

"तळ्यावर. पक्षी बघायला."

"अन् भाकरी कोण बडवणार? पक्षी?"

"येऊन बडवील. पळून चालली न्हाय कुठं."

एकट्या बाईनं तळ्यावर फिरणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही मला नेलंत. तळ्याच्या भिंतीवर धुकं होतं. तुम्ही दुर्बीण लावून इकडून तिकडं नुसत्या फिरवत होतात. मला समोरच दिसत होतं, लव्हाळ्याच्या कडेला पाच बदकं. बोलले असते तर उडाली असती, आणि तुमच्याशी बोलायची छाती पण नव्हती. मी तुमच्या कोपराला बोट लावलं. हलकेच, डावीकडं. तुम्ही दुर्बीण वळवलीत आणि श्वास रोखलात.

त्या दिवसापासून तीच रीत पडली. डावीकडं असेल तर कोपराला एकदा, उजवीकडं असेल तर दोनदा, आभाळात असेल तर कोपर वर उचलायचं. पुढं तुमच्याबरोबर मंडळातली माणसं यायला लागली, तेव्हा मी तुमच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन. माझं बोट कुणालाच दिसलं नाही. तुमचं मात्र सगळ्यांना दिसलं.

हे मी होऊ दिलं, हे पण लिहायला पाहिजे. मला पुढं यायचंच नव्हतं. पण तुम्ही एकदा तरी मागं वळून म्हणायचं होतं, "हिनं दाखवला." तीन शब्दसुद्धा होत नाहीत.

बघून झालं की तुमचा उलटतपास सुरू. शाळेतल्या पोरांना विचारावं तसं. "चोच कशी? पाय कसले? उडताना काय दिसलं?" ह्या तीन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत तर पक्षी वहीत चढायचा नाही. मी सांगायची, तुम्ही लिहायचात. एकदा मी म्हणाले, "एखाद्या रविवारी मी लिहू का वहीत? नावं येतात मला लिहायला." तुम्ही वहीचं झाकण मिटलंत. "तू बघायचं काम कर. तुझ्या अक्षरानं वही खराब होईल माझी."

तुम्ही बाई होता, वन्सं. गावातल्या शेंबड्या पोरांची अक्षरं हात धरून वळवलीत. एका छपराखाली सव्वीस वर्षं राहिलो. माझा हात एकदाही धरला नाहीत.

नावांवरून आपला वाद कधी मिटला नाही. लांब गुलाबी पायांचा तो पक्षी, त्याला आमच्याकडं 'पाहुणी' म्हणायचे. लुगडं वर धरून चिखलातून पाहुणी यावी तसा चालतो.

"पाहुणी-बिहुणी काही नसतं. शेकाट्या म्हणायचं."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं आमच्या अव्वाला विचारलं होतं का?"

"सुमन, तोंड कमी चालव, पाय चालव."

तुमच्या एकटीपुढं माझं तोंड चालायचं, हे खरं. दुसऱ्या कुणापुढं मी एवढं बोलले नसते. आणि भोरड्यांवरून तर आपण बांधावर उभं राहून भांडलो. तुम्ही म्हणालात, त्या टोळ खातात, त्यांना दगड मारणारा माणूस अडाणी. मी म्हणाले, तुमचं पोट कणसावर नाही, तुम्ही माळ्यावर एक दिवस उभ्या राहा. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सुईत दोरा ओवून पाहिजे होता.

बरंही लिहिते, नाही तर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. अव्वा गेली त्या थंडीत मी माहेराहून परत आले आणि आठवडाभर खाली मान घालून भाकरी थापत राहिले. घरातली सगळी मला धीर देत होती. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रविवारी चुलीपाशी येऊन म्हणालात, "चल. चक्रवाक आलेत." मला तुमचा एवढा राग आला की मी पीठ भरल्या हातानंच निघाले. तळ्यावर तुम्ही गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातलीत. त्याआधी कधी हात लावू दिला नव्हता. पाण्यावर विटकरी रंगाची जोडी होती. तुम्ही माझ्या पुढं उभ्या राहिलात, वाऱ्याला आडव्या, आणि मी दुर्बिणीआड मनमोकळं रडले. किती वेळ ते माहीत नाही. मग तुम्ही विचारलंत, "चोच कशी?" मी म्हणाले, "काळी." दुर्बिणीला लागलेलं पीठ तुम्ही रस्ताभर पदरानं पुसत आलात, आणि माझ्यावर चिडत.

हे विसरले नाही. म्हणून तर समुद्राचं जास्त लागलं.

तुम्ही निवृत्त झालात त्या थंडीत मंडळानं कोकणात सहल काढली. समुद्रकाठानं चालायचं आणि हिवाळ्यात तिथं उतरणारे पक्षी बघायचे. तुम्हाला एकच पक्षी पाहिजे होता, कालवफोड्या. पुस्तकात त्याच्या पानाचा कोपरा तुम्ही कधीचा दुमडून ठेवला होता. आपल्या तळ्यावर तो येत नाही, त्याला खडकाला चिकटलेली कालवं लागतात. सगळ्या पुस्तकभर दिसलेल्या पक्ष्यांपुढं तुमच्या पेन्सिलीच्या खुणा, त्या पानावर खूण नव्हती. मला नेलंत ते कशाला, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं. गाडीत तुम्ही हळूच म्हणालातही, "नीट लक्ष ठेव गं."

मी समुद्र पहिल्यांदा बघत होते. सकाळची ओहोटी, ओली वाळू, पायाला गार. एवढं उघडं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, ना बांध, ना झाड. अकरा माणसं दुर्बिणी घेऊन पुढं, मी डब्यांची पिशवी घेऊन मागं. आणि समोरून थवा उठला. बारक्या पक्ष्यांचा, शेकड्यांनी, पाण्यालगत. तो एकदम वळला, सगळा मिळून, आधी काळा मग पांढरा, आणि सरळ आमच्यावर आला. मला काय झालं ते मला कळलं नाही. पिशवी पडली, हात डोक्यावर गेला, आणि मी पोटातून आरोळी दिली, "होऽऽ हाऽऽ हाऽऽ!"

अख्खा किनारा उठला. तो थवा, खडकावरचे बगळे, पार त्या टोकाचे कुरव, सगळे. दोन मिनिटांत वाळूवर एक पाखरू राहिलं नाही. ज्वारी नव्हती, वावर नव्हतं, आणि मी राखण करून मोकळी झाले होते.

एक जाडे गृहस्थ माझ्याकडं वळून म्हणाले, "कोण आहे ही बाई?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणाला असतात, "भावजय माझी, राखणीची सवय आहे तिला," तर सगळे हसले असते आणि मी पण हसले असते. तुम्ही चष्मा नीट केलात. म्हणालात, "स्वयंपाकाला आणलीय. तिला यातलं काही कळत नाही."

"मग तिला तिकडं चुलीपाशीच ठेवायची ना, बाई," ते म्हणाले. बाकीचे हसले. तुम्हीही थोडं.

मी वाळूतला डबा उचलला. झाकण उघडून शेंगाचटणी सांडली होती, ती वाळूसकट भरून घेतली.

पुढं तासभर सगळे चालत राहिले, कुणाला काही दिसलं नाही. मंडळी लांब गेली. तुमच्या बुटात वाळू गेली म्हणून तुम्ही एका खडकावर बसलात, समुद्राकडं पाठ करून. मी तुमच्या शेजारी उभी. आणि तुमच्या पाठीमागं, एवढ्या जवळ की मी तिकडं खडा टाकला असता तर लागला असता, तो होता.

मी लगेच ओळखला. दुमडलेलं पान मी तुमच्याइतकंच पाहिलं होतं.

तुमचं कोपर माझ्या हाताजवळ होतं. बूट हलवताना ते मागंपुढं होत होतं. मी हात उचलला. उचलला होता, हे खरं सांगते. मग तो पदराखाली घेतला.

तुम्ही एक बूट झाडलात, मग दुसरा. लेस बांधलीत, सावकाश, डोळ्यांजवळ नेऊन. तेवढा सगळा वेळ तो तिथं होता. तुम्ही "चल" म्हणून उठलात आणि त्याच वेळी तो उडाला. तुम्ही वळलात तेव्हा नुसता खडक होता.

परतताना गाडीत तुम्ही काही खाल्लं नाही. खिडकीला डोकं टेकून म्हणालात, "नशीब एकेकाचं." मला बरं वाटलं. मला फार बरं वाटलं, वन्सं. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर पाच हिवाळे आपण पुन्हा तळ्यावर गेलो. मी पुन्हा कोपराला बोट लावायला लागले, तुम्ही पुन्हा लोकांना दाखवायला लागलात. किनाऱ्यावरचं बोलणं तुम्ही कधी काढलं नाहीत. काढलं असतं, एकदा "चुकलं माझं" म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं. मी वाट बघत होते. तुम्ही पण कसली तरी वाट बघत होतात, हे मला शेवटी कळलं.

उमरग्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं. डॉक्टरांनी तुमच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि तुम्ही ते त्याच्या तोंडावरून ओळखलं होतं. मी तुम्हाला पेज भरवत होते. दुपारची वेळ. बाहेर परीट पक्षी शेपटी हलवत अंगणात फिरत होता, मी सवयीनं तुमच्या कोपराला बोट लावलं. नुसतं हाड लागलं. तुम्ही तिकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होतात.

"सुमन."

"काय, वन्सं?"

"त्या समुद्रावर... मी बूट झाडत होते तेव्हा. तुला दिसला होता का गं तो?"

म्हणजे तुम्हाला शंका होती. पाच वर्षं. माझा उचललेला हात तुम्हाला कळला होता का? तुम्ही विचारलंत कसं, हे पण मी ऐकलं. डाफरून नाही. शाळेतली पोरं बाईंना विचारतात तसं.

मी म्हणाले, "न्हाय."

तुम्ही डोळे मिटलेत. चेहरा सैल झाला. म्हणालात, "मग तो तिथं नव्हताच. तुझ्या डोळ्यांतून सुटला नसता."

मी वाटी घेऊन उठले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि भिंतीवर मूठ मारली. सव्वीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते तुम्ही दिलंत, आणि कधी? माझ्या खोटं बोलण्यावर. बंद दाराआड, पेज गिळता गिळता. त्या दहा जणांसमोर का नाही? त्या जाड्या माणसासमोर का नाही? खरं सांगावं तर तुमचं ते वाक्य मोडणार होतं, आणि मला तर ते पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आता ते वाक्य माझ्यापाशी आहे आणि ते मला घशाखाली उतरवता येत नाही.

काल सभा झाल्यावर त्या उंच सरांनी तुमच्या भावाकडं तुमच्या वह्या मागितल्या. मंडळाच्या कपाटात जपून ठेवणार आहेत, नव्या लोकांना दाखवणार आहेत. उद्या न्यायला येतील. म्हणून आज सकाळी मी त्या पहिल्यांदा उघडल्या. बोट ठेवून ठेवून वाचलं. प्रत्येक पानावर वार, जागा, हवा, पक्षी, आणि सगळ्यात खाली 'सोबत'. सर आले तिथं सरांचं नाव. शाळेतले शिपाई आले तिथं त्यांचं नाव. आणि बाकी सगळीकडं, पानामागून पान, वहीमागून वही, तेच तुमच्या सुंदर अक्षरात : 'सोबत : घरची एक.'

अव्वा गेली त्या थंडीतलं पान पण काढलं. 'चक्रवाक, दोन. चोच काळी. सोबत : घरची एक.' पानाच्या कडेला पिठाचा डाग आहे. तो तुम्ही पुसला नाहीत.

समुद्राच्या पानावर बरेच पक्षी आहेत. शेवटची ओळ, 'कालवफोड्या : दिसला नाही.' त्याखाली, 'सोबत : मंडळातले दहा जण, घरची एक.'

होता तो, वन्सं. विचारा तुमचे तीन प्रश्न.

चोच कशी? लांब, सरळ, गाजरासारखी लाल. पुस्तकातल्यापेक्षा जास्त लाल. ती त्यानं कालवाच्या फटीत आडवी घातली आणि डबीचं झाकण उघडावं तशी पिळली. कट्ट असा आवाज आला. तो आवाज तुम्ही पण ऐकलात, तुम्हाला वाटलं तुमच्या बुटाचा.

पाय कसले? गुलाबी, आखूड, मजबूत. एक पाय पाण्यात, एक खडकावर. डोळा लाल. पाठ काळी, पोट पांढरं, जणू आताच धुऊन वाळत घातलंय. एकदा त्यानं तुमच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

उडताना काय दिसलं? काळ्या पंखावर रुंद पांढरा पट्टा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिट्टी घातल्यासारखं ओरडला आणि पाण्याला चिकटून गेला. तुम्ही मान वळवली असती तर दिसला असता. मी बोट लावलं नाही हे माझं. मान वळवली नाही हे तुमचं.

माफी मागत नाही. तुम्हीही मागितली नाहीत.

पण वही अर्धवट पाठवायची नाही. 'दिसला नाही' ही ओळ मी खोडली नाही, तुमच्यापुरती ती खरी आहे. तुमचं पेन घेऊन तिच्याखाली लिहिलं. अक्षर तिरपं गेलं, एक वेलांटी तुमच्या ओळीवर चढली. वही खराब झाली तुमची. उद्या नेऊ देत सरांना, बघू देत सगळ्यांना. लिहिलंय ते असं :

'कालवफोड्या, एक. दिसला. बघणारी : सुमन.
सोबत : नणंद, पाठमोरी.'